फाईलनावांतील विशेष चिन्हे

युनिक्स आणि लिनक्समध्ये फाईलच्या नावात तिरकी रेघ (/) आणि नल बाइट एवढेच वर्ज्य. मोकळी जागा, तारा, अवतरणचिन्ह, अगदी नवी ओळसुद्धा चालते. अडचण होते ती शेलमुळे. आज्ञा चालवण्यापूर्वी शेल ती मोकळ्या जागांवर तोडतो आणि * व ? यांचा विस्तार करतो. त्यामुळे ‘आरएम जमा खर्च’ असे लिहिल्यास ‘जमा’ आणि ‘खर्च’ या दोन वेगळ्या फाईली पुसण्याचा प्रयत्न होतो. नाव एकेरी अवतरणात घालणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. एखाद्याच चिन्हासाठी आधी उलटी तिरकी रेघ (\) पुरते.

हायफनने सुरू होणारे नाव मात्र अवतरणालाही दाद देत नाही. शेल अवतरण काढून टाकतो आणि आज्ञेला ते नाव म्हणजे पर्यायच वाटतो. तेथे नावाआधी ‘./’ जोडावे, किंवा पर्याय संपल्याची खूण म्हणून ‘--’ लिहावे. टंकताच न येणाऱ्या नावासाठी ‘एलएस -आय’ने आयनोड क्रमांक काढून ‘फाइंड’च्या ‘-आयनम’ने फाईल गाठता येते.

देवनागरी अक्षरांना अवतरण लागत नाही. पण यूटीएफ-८मध्ये त्यांतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून एक्स्ट४च्या २५५ बाइटांच्या मर्यादेत, काना-मात्रा धरून, ८५ चिन्हेच मावतात.