राखेचा हिशेब

रायपूरच्या उत्तरेला, उरला औद्योगिक वसाहतीला खेटून बीरगांव आहे. नावात गाव असलं तरी ते आता महानगरपालिकेचं शहर आहे. कारखान्यांत राबणाऱ्यांची वस्ती, ट्रकांच्या रांगा, आणि त्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी. छत्तीसगडला लोक ‘धान का कटोरा’ म्हणतात. शंभर किलो भात भरडला की साधारण वीस किलो तूस निघतं. राइस मिलवाले ते बॉयलरला घालतात, वीटभट्टीला देतात, आणि अलीकडे त्याचे पेलेट करतात.

पेलेट म्हणजे तूस किंवा लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढलेल्या, सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. बहुधा वेगळा डिंक लागत नाही. दाबाने आणि उष्णतेने वनस्पतीतलं लिग्निन मऊ होतं आणि तेच चिकटवण्याचं काम करतं. सुटं तूस एका घनमीटरमध्ये जेमतेम शंभर किलो मावतं. पेलेट सहाशे किलोच्या आसपास. वाहतूक सोपी, साठवण सोपी, आणि चुलीत मोजून टाकता येतं. एवढे गुण असलेलं इंधन घराघरांत का पोहोचलं नाही, हा प्रश्न मला इथे पडला. उत्तर शोधताना आपल्या घरातल्या आणि फौजेतल्या बऱ्याच जुन्या गोष्टी हाताशी आल्या.

पहिली गोष्ट आपल्या घरातली. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याचा डबा, तळाशी बाजूने एक भोक. मध्ये बाटली किंवा गोल लाकूड उभं धरायचं, भोवती वखारीतून आणलेला भुसा ठोकून भरायचा, मग बाटली अलगद फिरवत काढायची. मध्ये जी नळी तयार होते तीच शेगडीची चिमणी. खालच्या भोकातून हवा आत जाते आणि भुसा आतून बाहेर जळत जातो. भुसा ओला असेल तर धूर, सैल भरला तर मध्येच ढासळतो, आणि कालची राख खाली राहिली तर हवेची वाट बंद. न्हाणीघरातला तांब्याचा बंबही याच नियमाचा. मधल्या नळीत वरून लाकडाचे तुकडे टाकायचे आणि खालच्या जाळीवरची राख रोज सकाळी काढायची. बंब पेटत नाही अशी तक्रार आली की आजी आधी जाळी बघायची, लाकडं नंतर. आजच्या पेलेट स्टोव्हच्या दुरुस्तीची पहिली पायरी अजून तीच आहे.

दुसरी गोष्ट सैन्याची. चुलीच्या सुधारणेत सैन्याचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत जन्मलेला बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, १७८०-९०च्या दशकांत बव्हेरियाच्या सैन्याची व्यवस्था बघत होता. तोफांच्या नळ्या कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरचा त्याचा १७९८चा निबंध विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याच माणसाने म्युनिकमध्ये हजारोंच्या स्वयंपाकासाठी बंदिस्त चुली बांधल्या आणि धुराडं किती अरुंद असावं याचे नियम लिहिले. पुढे १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात लंडनचा नावाजलेला आचारी अलेक्सी सोयर स्वतः आघाडीवर गेला आणि त्याने सैन्यासाठी पिंपासारखा फील्ड स्टोव्ह दिला. त्यात लाकूड, कोळसा, मिळेल ते चाले, आणि उघड्या आगीपेक्षा जळण फार कमी लागे. हा स्टोव्ह ब्रिटिश सैन्यात १९८२च्या फॉकलंड युद्धाच्या काळापर्यंत टिकला. सव्वाशे वर्षं! त्यात बिघडायला काही नव्हतंच, आणि साफ करायला एक शिपाई आणि एक फावडं पुरत असे.

तिसरी गोष्ट चुली वाटण्याची. १९४७च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीतून ‘मगन चूल’ आली. धूर घराबाहेर नेणारी, मातीची. १९८०च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२मध्ये तो बंद होईपर्यंत तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या, पण त्यातल्या पुष्कळ काही वर्षांतच बंद पडल्या. चूल बसवणाऱ्याची नोंद कागदावर होती. काजळीने बुजलेलं धुराडं साफ कोण करणार, फुटलेला पाइप कुठे मिळणार, याची तरतूद मात्र फारच तोकडी होती.

तोवर तिकडे १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकडाच्या भुशाचे पेलेट निघाले, आणि १९८०च्या दशकात घर ऊबदार ठेवणारा पेलेट स्टोव्ह बाजारात आला. तो विकसित करणाऱ्यांत जेरी व्हिटफिल्ड हा विमानाच्या कारखान्यात काम केलेला इंजिनिअर होता. या स्टोव्हमध्ये वर पेलेटची पेटी, खाली मळसूत्रासारखा फिरणारा स्क्रू, तो थोडेथोडे पेलेट एका भोकं पाडलेल्या वाटीत टाकतो, आणि पंखा त्या भोकांतून हवा देतो. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. मुकुंदा आणि सहकाऱ्यांनी स्वयंपाकासाठी छोट्या पंख्याचा ‘ऊर्जा’ स्टोव्ह बनवला. बीपी कंपनीने तो बाजारात आणला, पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने चालवला. २०१०पर्यंत महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत मिळून सुमारे चार लाख स्टोव्ह विकले गेले. मग शेंगांच्या टरफलांना आणि उसाच्या चिपाडाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, पेलेटचा भाव चढला, आणि घरातल्या बायका पुन्हा लाकडाकडे किंवा गॅसकडे वळल्या. कंपनीने मोर्चा हॉटेलांच्या भटारखान्यांकडे वळवला.

आता बीरगांवचं तूस. चांगल्या लाकडी पेलेटमध्ये राख शेकडा एकाहूनही कमी असते. भाताच्या तुसात ती पंधरा ते वीस टक्के, आणि त्यातली बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूचाच प्रकार. दहा किलो लाकडी पेलेट जाळले तर ओंजळभर राख. तेवढेच तुसाचे जाळले तर दीड-दोन किलो. लाकडासाठी बनवलेल्या स्टोव्हला तूस घातलं तर आठवड्याची सफाई रोजची होते, कधी दिवसातून दोनदा करावी लागते. हा हिशेब विकताना कोणी सांगत नाही.

इथल्या एका खानावळीत असाच पेलेटचा बर्नर ‘मशीन खराब’ म्हणून कोपऱ्यात पडला होता. आमच्या युनिटचे एक सुभेदारसाहेब ईएमईचे, हात शिवशिवणारे. ते म्हणाले, “साहेब, मोटर फिरतेय, स्क्रू फिरतोय. मग खराब काय आहे?” त्यांनी वाटी बाहेर काढली. तळाला काचेसारखा खंगर जमला होता आणि अर्ध्याहून जास्त भोकं बंद होती. मग दाराच्या सीलजवळ उदबत्ती धरली. एका कोपऱ्यात धूर आत ओढला जात होता, म्हणजे हवा भोकांतून जायची ती फटीतून जात होती. खंगर छिन्नीने उडवला, भोकं तारेने मोकळी केली, सीलची दोरी बदलली. ज्योत पिवळी, लोळणारी होती ती उभी राहिली. खानावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या, “एवढंच होतं तर देताना सांगायचं ना.” त्यांचं बरोबर होतं.

घरी असा स्टोव्ह असेल तर तपासणीचा क्रम साधा आहे. काच काळी पडतेय, ज्योत आळसावलीय: हवा कमी पडतेय. वाटीची भोकं, राखेचा कप्पा, धुराडं, दाराचं सील, याच क्रमाने बघा. पेलेट खाली येत नाहीत: पेटीत कमान धरून अडकलेत का, स्क्रूशी चुरा साचलाय का बघा. पेलेट हाताने कुस्करले जात असतील तर त्यांना ओल लागली आहे. त्यांचा पुन्हा भुसा होतो आणि स्क्रू जाम होतो. सफाईआधी स्टोव्ह बंद करून वीज काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. राखेत निखारा बराच वेळ जिवंत राहतो, म्हणून राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर राखेला लावू नका, आग लागते. तुसाची राख काढताना नाकाला मास्क लावा. आणि वीज गेली की पंखा बंद पडतो, धूर खोलीत येऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

माजी सैनिक मित्रांना यातलं शेवटचं वाक्य जास्त समजावावं लागणार नाही. काश्मीर, लडाखमध्ये ज्यांनी बुखारीशेजारी हिवाळा काढला, त्यांना कार्बन मोनॉक्साइड म्हणजे काय ते ठाऊक आहे. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेला उठत नाही. म्हणून ठाण्यावर बुखारी कोण पेटवणार, कोण विझवणार, हे ठरलेलं असतं. झोपण्यापूर्वी ती बंद होते आणि संत्री खात्री करतो. माझ्या एका ठाण्यावर साताऱ्याकडचे एक हवालदार रोज सकाळी बुखारीच्या पाइपवर काठी मारत वरपर्यंत आवाज ऐकायचे. पाइप खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत काजळी. बद्द वाजलेला तुकडा त्याच दिवशी उतरवून झाडला जायचा, बाहेर बर्फ पडत असला तरी. त्या हिवाळ्यात आमचा एकही जवान धुराने आजारी पडला नाही. हवालदारांच्या त्या काठीची नोंद कुठल्याही वॉर डायरीत नाही.

फौजेत गाडी, बंदूक, रेडिओ, सगळ्याला मेंटेनन्स परेड असते. त्यात सफाई हे हलकं काम मानत नाहीत, कमांडर स्वतः उभा राहतो. घरात मात्र राख काढणं कायम कोणा एकीच्या वाट्याला येतं आणि तिला कोणी विचारत नाही की ही चूल तुला जमते का. वर्ध्याची मातीची चूल, सरकारी चूल, पंख्याचा स्टोव्ह, सगळ्यांची परीक्षा त्या एकीच्या हातात झाली. तिने नापास केलं ते टिकलं नाही.

बीरगांवच्या तुसाचं पुढे काय होईल ते भाव ठरवेल. पण कोणी तुम्हाला पेलेटचा स्टोव्ह विकायला आला, किंवा परदेशातल्या मुलाने घरी बसवून घेतला, तर तीन प्रश्न विचारा. या इंधनात राख किती? ती किती वेळाने काढायची? आणि वाटी, सील, पंखा हे सुटे भाग कुठे मिळतील? उत्तरं नीट मिळाली तर जरूर घ्या. धूर निघणाऱ्या प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि सफाईची तारीख खडूने स्टोव्हशेजारी भिंतीवर लिहा. घरातल्या सगळ्यांनी पाळी लावा.