पेन्शनर आणि विद्यापीठाचं दार



आज आपण दिल्लीहून चंदीगडला निघालो आहोत. सकाळची शताब्दी धरली आहे. गाडी पानिपतावरून जाते, आणि डब्यात मराठी माणूस असला की तो तिथे खिडकीबाहेर बघतोच. बाहेर गोदामं, कारखाने, घोंगड्या-सतरंज्यांचा व्यापार. १७६१ची एकही खूण रुळावरून दिसत नाही. पुढे कर्नाल, कुरुक्षेत्र, अंबाला, आणि मग चंदीगड.

पानिपताचं नाव उगीच घेतलेलं नाही, पुढे त्याची गरज पडणार आहे.

चंदीगडबद्दल तिकडे एक थट्टा ऐकायला मिळते: हे हिरव्या कुंपणांचं आणि पांढऱ्या दाढ्यांचं शहर आहे. आपल्याकडे पुण्याला ‘पेन्शनरांचं गाव’ म्हणत, तशातलीच ही थट्टा. तिला कारणही आहे. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे शहर वसवलं. ल कॉर्ब्युझिएने आराखडा केला, १९५३मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालं. १९६६मध्ये हरियाणा वेगळा झाला आणि चंदीगड दोन राज्यांची राजधानी व स्वतः केंद्रशासित प्रदेश असं तिहेरी झालं. म्हणजे सचिवालयं आली, उच्च न्यायालय आलं, पीजीआयसारखं मोठं वैद्यकीय केंद्र आलं, शेजारी चंडीमंदिरला लष्कराचं ठाणं आलं. इतके अधिकारी, न्यायाधीश, डॉक्टर, प्राध्यापक आणि कर्नल एका गावात नोकरी करणार म्हटल्यावर तीस-पस्तीस वर्षांनी ते सगळे निवृत्तही होणारच. सकाळी सुखना तलावाच्या काठावर फिरणाऱ्यांत असे कितीतरी.

तर मुद्दा असा. शहरात शिकलेली, अनुभवी, हाताशी वेळ असलेली एवढी माणसं, आणि त्याच शहराच्या चौदा नंबरच्या सेक्टरमध्ये एक जुनं, मोठं विद्यापीठ. या दोघांनी एकमेकांचं काय करायचं? निवृत्तांना शिकायचं आहे, शिकवायचंही आहे. विद्यापीठाने दार उघडायचं का, आणि उघडलं तर कोणतं?

या विद्यापीठाचा इतिहास बघितला तर गंमत दिसते. पुढच्या दारापेक्षा त्याच्या बाजूच्या दारांचाच इतिहास जास्त रंजक आहे.

पंजाब विद्यापीठ लाहोरला १८८२मध्ये स्थापन झालं. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही १८५७ची तीन, त्यानंतरचं हे चौथं. त्याचं एक वेगळेपण होतं: संस्कृत, अरबी, फारसी, पंजाबी अशा विद्यांच्या परीक्षा ते स्वतंत्रपणे घेई. शास्त्री, मौलवी, ज्ञानी, पुढे हिंदीची प्रभाकर. या परीक्षांना कॉलेजात न जाता बसता येई. खेड्यातला मास्तर, कचेरीतला कारकून, घरातली बाई, कुणीही घरी अभ्यास करावा आणि परीक्षेला बसावं. पुढे तर अशी परीक्षा पास झालेल्याने नुसता इंग्रजीचा पेपर दिला की बी.ए. पदरात पडण्याची वाट निघाली. तिला पंजाबात थट्टेने ‘वाया भटिंडा’ म्हणत. सरळ गाडी सोडून भटिंड्यावरून वळसा घालून आलेला, असा अर्थ. थट्टा सरळ गाडीत जागा मिळालेल्यांनी केली. वळसा घालून आलेल्यांची संख्या बघितली तर त्या गाडीने किती घरांत पहिली पदवी नेली, ते कळतं.

मग १९४७. विद्यापीठच निर्वासित झालं. इमारती, ग्रंथालय, प्रयोगशाळा लाहोरात राहिल्या. १ ऑक्टोबर १९४७ रोजी भारताच्या बाजूला पूर्व पंजाब विद्यापीठ कागदावर उभं राहिलं. कचेरी सोलनला, वर्ग कुठे होशियारपूरला, कुठे जालंधरला, कुठे अमृतसरला, कुठे दिल्लीत. चंदीगडला हक्काचं अंगण मिळायला १९५६ उजाडलं. (लाहोरचं विद्यापीठ आणि चंदीगडचं विद्यापीठ आज दोन्ही त्याच नावाने चालतात. इंग्रजीत लिहिताना लाहोरवाले ‘यू’ लिहितात, चंदीगडवाले ‘ए’. एवढ्या मोठ्या घटस्फोटानंतर नावात फक्त एका अक्षराची वाटणी झाली.)

त्या विस्कटलेल्या काळात विद्यापीठाने दोन गोष्टी केल्या. दिल्लीत कॅम्प कॉलेज काढलं. दिवसा नोकरी शोधणाऱ्या, दुकानात उभं राहणाऱ्या निर्वासित मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग, तेही एका शाळेच्या उसन्या खोल्यांत. आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या विद्यार्थ्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत सेवा केली होती, त्यांची ती सेवा परीक्षेच्या जागी धरली. विचार करा. परीक्षा म्हणजे विद्यापीठाचं देवघर. तिथे त्याने छावणीतल्या कामाला जागा दिली. शिकणं आणि लोकांच्या उपयोगी पडणं हे एकाच वहीत लिहिता येतं, असं निदान तेवढ्यापुरतं मान्य केलं.

पुढे घडी बसली आणि ही सूट अर्थातच गेली. १९७१मध्ये पत्राद्वारा शिक्षण सुरू झालं. १९७७मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी मानली. त्यातून देशभर प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग निघाले. चंदीगडलाही निघाला, आणि आज त्याच्या नावात ‘आजीवन शिक्षण’ आणि ‘विस्तार’ हे दोन्ही शब्द आहेत. मुंबई विद्यापीठातही याच नावाचा विभाग आहे. पण त्या काळात प्रौढ म्हणजे निरक्षर प्रौढ, असंच समीकरण होतं, आणि देशाची गरज बघता ते चूक नव्हतं. साठीचा, एम.ए. झालेला, पेन्शन घेणारा माणूस त्या चित्रात फार तर साक्षरता वर्गावर शिकवायला येणारा स्वयंसेवक म्हणून बसत होता. त्याला स्वतःला काही शिकायचं असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

युरोपात मात्र आलं. फ्रान्समध्ये तुलूझ इथे पिएर व्हेलास या प्राध्यापकांनी १९७३मध्ये निवृत्तांसाठी विद्यापीठातच वर्ग उघडले आणि त्याला ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ म्हटलं. बालपण आणि शिक्षण पहिलं, संसार आणि नोकरी दुसरं, त्यानंतरचं हे तिसरं. तिथे प्राध्यापक शिकवत, निवृत्त ऐकत. १९८१-८२मध्ये ही कल्पना इंग्लंडात, केंब्रिजला पोचली आणि तिथे पीटर लास्लेट, मायकेल यंग, एरिक मिडविंटर या मंडळींनी तिचा सांगाडाच बदलला. प्राध्यापक नकोत, परीक्षा नको, पदवी नको. ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवावं. निवृत्त रसायनतज्ज्ञ आज शिकवेल आणि उद्या निवृत्त परिचारिकेकडून इटालियन शिकेल. लास्लेट स्वतः इतिहासकार होते, जुन्या इंग्लंडातल्या कुटुंबांची नोंदणीपुस्तकं चाळण्यात त्यांची हयात गेली होती.

आता आपण पानिपताकडे परत येऊ, म्हणजे पुण्याकडे.

पानिपताच्या लढाईची आज आपल्याला जी मूळ मराठी पत्रं वाचायला मिळतात, त्यातली पुष्कळशी ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ या ४५ खंडांच्या मालेत आहेत. दुसरा खंड तर पानिपतालाच दिलेला. ही माला १९३० ते १९३४ या काळात निघाली. कुणी काढली? गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजे रियासतकार. जन्म १८६५चा. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी छत्तीस वर्षं नोकरी करून १९२५मध्ये निवृत्त झालेले आणि कामशेतला येऊन राहिलेले. दफ्तर हाती आलं तेव्हा वय चौसष्ट. त्यांच्या पाठीशी होते जदुनाथ सरकार, तेही १९२६मध्ये सरकारी शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले. मराठ्यांच्या इतिहासातलं विसाव्या शतकातलं हे सर्वांत मोठं संपादन दोन पेन्शनरांनी तडीला नेलं. सरदेसाईंचा तीन खंडांचा इंग्रजी मराठ्यांचा इतिहास त्यानंतरचा, १९४६ ते १९४८चा. तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते.

पण कथा एवढी गोड नाही. दफ्तराचं दार सरदेसाईंसाठी उघडलं, सगळ्यांसाठी नाही. पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची माणसं वर्षानुवर्षं तेच दार ठोठावत होती, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. एका नामांकित माणसाला आत घेतलं म्हणजे दार उघडलं असं होत नाही. चंदीगडच्या निवृत्त मुख्य सचिवांना विद्यापीठ भाषणाला बोलावणारच. प्रश्न निवृत्त हेडक्लार्कचा आहे.

आणि कर्वे. धोंडो केशव कर्वे १९१४मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१६मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. पहिले कुलपती झाले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. तेही निवृत्त, वय एकोणऐंशीच्या घरात. विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली १९२०मध्ये. तोवरची चार वर्षं या पेन्शनरांनी दारोदार फिरून रेटली. सत्तरीत कर्वे जगप्रवासाला गेले. १९३६मध्ये, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं, आणि पुन्हा वर्गणी मागत हिंडू लागले. १९४४मध्ये समता संघ. तेव्हा वय शहाऐंशी.

आपण विचारत होतो, विद्यापीठाने निवृत्तांना आत घ्यावं का. महाराष्ट्रात निवृत्तांनी एक अख्खं विद्यापीठ काढून दाखवलं आहे.

तरीही मी कर्व्यांचं उदाहरण प्रत्येकाच्या डोक्यावर मारणार नाही. एकशे चार वर्षं जगलेल्या माणसाशी आपल्या गुडघेदुखीवाल्या शेजाऱ्याची तुलना करणं हा अन्याय आहे. २०११च्या जनगणनेत साठीपुढचे दहा कोटींहून अधिक लोक होते, आज अर्थातच जास्त आहेत. त्यांपैकी बहुतेकांना पेन्शनच नाही, ते अजून राबतात. निवृत्तीनंतरचं शिक्षण ही आजही थोड्यांची गोष्ट आहे, हे विसरून बोलू नये. सरकारने अलीकडे ‘विद्यांजली’ योजनेत निवृत्त शिक्षक-अधिकाऱ्यांना शाळांत शिकवायला बोलावलं आहे, ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच उभा आहे. चांगलं आहे. पण बघा, यातही निवृत्त माणूस द्यायला येतो. घ्यायला येणाऱ्यासाठी अजून अर्जात रकाना नाही.

हे रकान्याचं मी शब्दशः म्हणतोय. माझे एक काका बँकेतून निवृत्त झाले. आयुष्यभर खातेवह्या तपासल्या, म्हणून त्यांना जुन्या खातेवह्यांची ओढ. मोडी शिकायची आणि इतिहासात रीतसर एम.ए. करायचं, असं ठरवून ते एका विद्यापीठात गेले. कोणत्या, ते सोडा. अर्जात ‘शिक्षणाचा हेतू’ असा रकाना होता. काकांनी लिहिलं, ‘शिकणे’. खिडकीपलीकडच्या मुलाने अर्ज परत सरकवला. म्हणाला, “आजोबा, नोकरी किंवा बढती, दोन्हीपैकी एक लिहा. सिस्टीम घेत नाही.” मुलगा उर्मट नव्हता. त्याने काकांना खुर्ची दिली, पाणीही दिलं.

काकांनी एम.ए. केलं नाही. मोडी मात्र शिकले, दुसरीकडे, एका सभागृहात भरणाऱ्या वर्गात. तिथे वर्गातले निम्मेअधिक साठीपुढचे होते. त्यांत एक माजी पोस्टमास्तर, एक शाळेच्या बाई, रेल्वेतून निवृत्त झालेले दोघे भाऊ. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतले कागद कोट्यवधी आहेत आणि ते वाचता येणारी माणसं फार थोडी. दोन वर्षांत काकांचा हात बसला. मग नातेवाइकांच्या, ओळखीच्यांच्या घरातले जुने कागद त्यांच्याकडे यायला लागले: जमिनीची खतं, देवस्थानाच्या सनदा, सावकाराचे हिशेब. एका कुटुंबाचा वाटणीचा वाद त्यांनी वाचून दिलेल्या एका ओळीवर मिटला. एका पैशाची अपेक्षा न ठेवता ते देवनागरीत लिहून देत, खाली तारीख घालत आणि न लागलेल्या शब्दाजवळ प्रश्नचिन्ह काढत.

बँकेतली सवय. न लागलेली रक्कम कधी लपवायची नाही.

तो अर्ज त्यांनी ठेवला होता. मी विचारलं, “काका, बढती लिहून टाकायचं होतं की. कोण तपासणार होतं?”

ते म्हणाले, “अरे, बत्तीस वर्षं लोकांचे खोटे हेतू अर्जावर वाचले. आता मी कशाला लिहू?”