भिवंडी का शांत राहिली?

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल उसळली आणि तिची झळ जळगाव, महाडपर्यंत पोहोचली. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांवर कठोर ताशेरे ओढले. खास तपास पथकाने मुसलमानांविरुद्ध पक्षपात केला, निरपराधांना गोवले, हे त्यात स्पष्ट नोंदले आहे. पण १९५२ च्या कायद्यानुसार असा आयोग कोणाला शिक्षा देऊ शकत नाही, त्याच्या शिफारशीही सरकारवर बंधनकारक नसतात. ज्याच्यावर खोटा खटला भरला गेला, त्याला या अहवालाने काय मिळाले? १९८१ मध्ये ठाणे पोलीस आयुक्तालय झाले आणि भिवंडी, कल्याण, डोंबिवली त्याखाली आली; तरी १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. विश्वासाची उणीव वाढीव बंदोबस्ताने भरून निघत नाही, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा शोधायला नको.

१९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे त्यांत होती. पुढाऱ्यांच्या शांतता समित्यांपेक्षा हे वेगळे होते, कारण मोहल्ल्यातल्या माणसाची आणि साध्या पोलिसाची ओळख दंगलीआधीच होत होती. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली, पण भिवंडी शांत राहिली. यावर आक्षेप असा की, १९८४ च्या नुकसानीने लोक दमले होते आणि यंत्रमागाचा धंदा हिंदू-मुसलमान दोघांनाही एकमेकांवाचून चालवता येत नाही. पण यंत्रमाग १९७० मध्येही होते, आणि त्या वर्षीच्या नुकसानीने १९८४ टळले नाही. धंद्याने शांततेला आधार दिला असेल. ती घडवून आणली नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत गोळीबार झाला, दोघे मेले, मग जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. त्या हत्येचे समर्थन होऊच शकत नाही. मात्र इथे भांडण दोन धर्मांचे नव्हते, पोलीसच एक पक्ष होते, आणि अशा वेळी पोलिसांनीच चालवलेली समिती मध्यस्थ कशी होणार? शिवाय ती एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभी होती, कायद्यावर नाही. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. १९७० मध्ये भिवंडीत खोट्या गुन्ह्यात अडकलेल्या माणसाला असे दार कुठेच नव्हते.