संघनायक प्रशिक्षण

किशोरवयीन मुलामुलींना आपल्याच वयाच्या किंवा आपल्याहून थोड्या लहान मुलांच्या गटाचे नेतृत्व स्वयंसेवी वृत्तीने करता यावे, यासाठी युवक संघटनांनी घडविलेली शिक्षणपद्धती. तिचा सर्वांत पद्धतशीर विकास स्काऊट अर्थात बालवीर चळवळीत झाला. तेथे सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो. त्याचा प्रमुख तो संघनायक आणि त्याचा साहाय्यक तो उपसंघनायक. असे काही संघ मिळून पथक होते. पथकाची अंतिम जबाबदारी प्रौढ स्काऊटमास्तरची असली, तरी दैनंदिन कामात तो मुलांशी शक्य तेवढा संघनायकांमार्फतच व्यवहार करतो. संघनायकाला वेतन नसते आणि परीक्षेत गुणही नसतात. संघातील मुले आपल्यावर सोपवली आहेत, ही जाणीव हेच त्याच्या कामाचे मूळ भांडवल. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः स्काऊट चळवळीचा विचार केला असून इतर संघटनांचा उल्लेख अनुषंगाने येतो.

उगम : दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंगच्या वेढ्यात (१८९९–१९००) गावातील मुलांचे एक पथक निरोप पोचविणे, टेहळणी करणे अशी कामे करीत असे. वॉर्नर गुडइयर हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा त्याचा प्रमुख होता. या पथकाचे श्रेय सामान्यतः स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांना दिले जाते. प्रत्यक्ष उभारणी लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी केली, असेही मानतात. विल्यम स्मिथ यांची बॉईज ब्रिगेड (१८८३) आणि अर्नेस्ट टॉम्पसन सेटन यांचा अमेरिकेतील वुडक्राफ्ट उपक्रम (१९०२) हे पूर्वसुरी म्हणून मान्य आहेत. सेटन यांचे ऋण किती, याविषयी मतभेद आहेत.

संघपद्धतीची पहिली कसोटी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राउनसी बेटावर ऑगस्ट १९०७ मध्ये झाली. वीसेक मुले आली. काही उच्चभ्रू शाळांतील, तर काही जवळच्या गावांतील कामकरी कुटुंबांतील. बेडन-पॉवेल यांनी त्यांचे लांडगे, बैल, कुरव आणि डोमकावळे असे चार संघ पाडले, प्रत्येकावर एक मोठा मुलगा नेमला आणि संघाच्या वागणुकीची जबाबदारी सर्वस्वी त्याच्यावर टाकली. दर रात्री एक संघ बेटावर दूर जाऊन स्वतंत्र मुक्काम करी. शिधा बरोबर घ्यायचा, चूल आपणच पेटवायची, पहारा आपणच द्यायचा. पुढे चळवळीत जे जे वाढले त्याचे बीज या रात्रीच्या मुक्कामात आहे. ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे त्यांचे पुस्तक १९०८ मध्ये निघाले, त्याआधी हा प्रयोग होऊन गेला होता.

फिलिप्स : संघपद्धतीला शास्त्राचे रूप दिले ते रोलंड फिलिप्स यांनी. ते पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांत काम करीत. ‘द पेट्रोल सिस्टिम’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. संघ ही हजेरीच्या सोयीसाठी केलेली विभागणी नसून खेळ, शिक्षण, सहल, शिस्त या सर्वांचे एकक आहे, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. संघनायकांशी स्काऊटमास्तरने वेगळा वेळ काढून बसले पाहिजे, हा आग्रहही त्यांचाच. जुलै १९१६ मध्ये सोमच्या लढाईत ते मारले गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते. एवढ्या अल्पायुष्यात त्यांनी मांडलेले सूत्र आजही अपुरे वाटत नाही.

कार्यपद्धती : प्रशिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे संघनायकांचा स्वतंत्र संघ. त्याचा नायक स्वतः स्काऊटमास्तर. पुढच्या बैठकीत पथकाला जे शिकायचे ते संघनायक येथे आधी शिकतात. उदाहरणार्थ, दोन काठ्या काटकोनात बांधण्याचे चौरस बंधन : एका काठीवर क्लोव्ह हिच ही गाठ मारायची, दोन्ही काठ्यांना कवेत घेत दोरीचे तीन वेढे द्यायचे, मग काठ्यांच्या मधून दोन वेढे आवळून घ्यायचे आणि दुसऱ्या काठीवर क्लोव्ह हिचनेच शेवट करायचा. संघनायकाने शनिवारी हे शिकले की रविवारी तो आपल्या कोपऱ्यात सात मुलांसमोर बसतो. धाकट्या मुलाचा हात उलटा फिरतो, वेढे एकमेकांवर चढतात, काठी डुलू लागते. हातातून दोरी काढून घेऊन स्वतः बांधून देण्याचा मोह येथेच होतो. तो आवरणे आणि त्या मुलाला दोरी सोडून पुन्हा सुरुवात करू देणे, हा संघनायकाचा पहिला खरा धडा. तोच धडा स्काऊटमास्तरलाही लागू आहे, कारण त्याला चार पावले दूर उभे राहून हे सगळे पाहायचे असते.

दुसरे साधन कोर्ट ऑफ ऑनर. संघनायकांची ही सभा पथकाचा कार्यक्रम ठरविते, वर्गणीचा हिशेब पाहते, सन्मान देते आणि शिस्तभंगाचा विचार करते. स्काऊटमास्तर सल्लागार म्हणून बसतो, मत देत नाही. येथील चर्चा बाहेर न्यायची नाही, असा दंडक आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याच मित्राविषयी निर्णय द्यावा लागतो आणि तो मनात ठेवावा लागतो. वर्गात बसून ही शिकवण मिळणे कठीण.

तिसरे साधन शिबिर. स्वयंपाक संघवार झाला पाहिजे, याबाबत अनुभवी शिक्षक ठाम असतात. पाणी कोणी आणायचे, लाकडे कोणी फोडायची, डाळ कोणी निवडायची, भांडी कोणी घासायची हे संघनायकाने आदल्या रात्री ठरवायचे. नवखा संघनायक बहुधा सगळे स्वतःच करू लागतो आणि इतर मुले उभी राहतात. भात कच्चा राहिला तर आठही जण तोच खातात. मग रात्री शेकोटीनंतर स्काऊटमास्तर त्याला बाजूला घेऊन एकच विचारतो, उद्या कोणाला काय देशील? मोठ्या सामायिक चुलीवर आचाऱ्याकरवी स्वयंपाक झाला की शिबिर नीटनेटके दिसते, पण संघनायकाला शिकण्याजोगे त्यातून फारसे उरत नाही.

संघातील मुले वेगवेगळ्या वयांची असावीत, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. अकरा वर्षांचा मुलगा पंधरा वर्षांच्या मुलाकडे पाहून शिकतो आणि चार वर्षांनी त्याच्या जागी उभा राहतो.

कौशल्य की नेतृत्वशास्त्र : या विषयातील सर्वांत मोठा वाद अमेरिकेत झाला. मूळचे डेन्मार्कचे विल्यम हिलकोर्ट यांनी १९२९ मध्ये संघनायकांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. ‘ग्रीन बार बिल’ या टोपणनावाने ते मुलांना परिचित होते. रानात वावरण्याची कौशल्ये संघनायकाच्या अंगी मुरली की नेतृत्व त्यातूनच येते, अशी त्यांची धारणा. उलट हंगेरीहून आलेले बेला बानाथी यांनी १९५८ पासून कॅलिफोर्नियात ‘व्हाइट स्टॅग’ हा उपक्रम चालविला. नेतृत्व ही स्वतंत्रपणे शिकविता येणारी कौशल्ये आहेत, ती नेमकी ओळखून शिकवावीत, असे त्यांचे म्हणणे. या विचाराचा प्रभाव असलेला अभ्यासक्रम अमेरिकेच्या स्काऊट संघटनेने १९७० च्या दशकाच्या आरंभी स्वीकारला. त्याच सुमारास मुलांच्या कार्यक्रमातील रानावनाचा भाग कमी करण्यात आला. सदस्यसंख्या घटली. तिची कारणे अनेक सांगितली जातात आणि दोष केवळ या बदलाला देता येत नाही. हिलकोर्ट निवृत्तीतून परतले आणि त्यांनी लिहिलेली नवी हस्तपुस्तिका १९७९ मध्ये आली. बानाथींची मांडणी अभ्यासपूर्ण आहे. तरीही ज्या नायकाला पावसात तंबू उभारता येत नाही त्याच्या मागे मुले जात नाहीत, हा हिलकोर्टपक्षाचा मुद्दा अनुभवाला अधिक धरून आहे.

स्वतःच्या संघाबाहेर नेतृत्व करण्याचा मार्गही असतो : ब्रिटनमध्ये १४ ते १८ वयाच्या मुलांना ‘यंग लीडर’ म्हणून लहान मुलांच्या गटांत साहाय्य करता येते.

भारतात : पहिले स्काऊट पथक १९०९ मध्ये बंगलोर येथे निघाले, पण त्यात भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. त्यामुळे स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या : ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांची मद्रासमध्ये (१९१६), तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांची अलाहाबादेत (१९१८). कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य व पुढे अध्यक्ष. सेवेला वाहून घेतलेले कार्यकर्ते प्रशिक्षणाने घडवायचे, ही गोखल्यांची कल्पना कुंझरूंमार्फत या चळवळीपर्यंत आली, असे म्हणण्यास जागा आहे. ७ नोव्हेंबर १९५० रोजी विलीनीकरणातून भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना झाली. तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढी येथे आहे. मुले प्रवेशापासून प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान चढत राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जातात.

महाराष्ट्रात : पथके बहुतांशी शाळांशी जोडलेली आहेत आणि शिक्षक हाच स्काऊटमास्तर असतो. एका इयत्तेचे एक पथक झाले की संघातील सर्व मुले एकाच वयाची होतात आणि संघनायक वयाने मोठा राहत नाही. मग हुशार मुलाला ते पद मिळते आणि ते वर्गप्रतिनिधीच्या पदासारखे होऊन बसते. दोन-तीन इयत्तांचे मिश्र संघ करणाऱ्या शिक्षकांना वेळापत्रकाशी झगडावे लागते, पण त्यांचा मार्ग योग्य आहे. ‘खरी कमाई’ हा उपक्रम या दृष्टीने मोलाचा. मुले घरोघर जाऊन लहानसहान कामे करतात आणि मिळालेला मोबदला नोंदवून घेतात. कोणाला कोणत्या गल्लीत पाठवायचे आणि जमा पैशाचा हिशेब कसा लावायचा, हे संघनायकाकडे सोपविता येते. हिशेब शिक्षकाने लिहिला तर उपक्रमाचा निम्मा लाभ गेला.

इतर संघटना : डॉ. ना. सु. हर्डीकर यांचे हिंदुस्थानी सेवा दल (१९२३) हे स्काऊट चळवळीबाहेरचे एक उदाहरण. ४ जून १९४१ रोजी पुण्यात सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे पहिले दलप्रमुख एस. एम. जोशी होते. शाखा चालविणारा शाखानायक बहुधा विद्यार्थीच असे. कवायत, खेळ, समूहगीते व अभ्यासमंडळ यांतून तो घडे.  राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या (नागपूर, १९२५) शाखेतही गटनायकाची योजना असते. या संघटनांच्या राजकीय भूमिकांचा विचार येथे केलेला नाही.

मुली : १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मेळाव्याला मुली स्वतःचे संघ करून आल्या; पुढच्या वर्षी गर्ल गाईड संघटना निघाली. भारतात आरंभ जबलपूर येथे १९११ मध्ये. १५ ऑगस्ट १९५१ रोजी भारतीय गाईड संघटना भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संयुक्त संघटनेत सामील झाली. गाईड चळवळीच्या जागतिक केंद्रांपैकी ‘संगम’ हे पुण्यात असून त्याचे उद्घाटन १९६६ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते झाले.