हमीकडून निवडीकडे : भारतातील वैयक्तिक गुंतवणूकदाराची वाटचाल (१९६४ ते २०२५)

प्रास्ताविक

स्वातंत्र्योत्तर भारताच्या आर्थिक इतिहासात पंचवार्षिक योजना, बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि १९९१ नंतरचे उदारीकरण या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. या घडामोडींच्या काळात पगारदार मध्यमवर्गीय माणूस आपली शिल्लक कोठे व कशाच्या भरवशावर ठेवीत होता, हा प्रश्न त्यामानाने दुर्लक्षित राहिला आहे. १९६४ मध्ये अशा माणसाला शेअर बाजारात शिरायचे तर युनिट ट्रस्ट हा जवळजवळ एकच सुरक्षित मानलेला मार्ग होता. आज त्याच्यापुढे शेकडो योजना, डिमॅट खाती आणि निवृत्तिवेतनासाठी निधी व्यवस्थापक निवडण्याचे पर्याय आहेत. या बदलाचे वर्णन सामान्यतः ‘निवडीचे स्वातंत्र्य’ असे केले जाते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या प्रक्रियेत जोखीम व्यक्तीकडे आधी आली. ती पेलण्यासाठी लागणारी माहिती आणि संरक्षण मात्र बहुतेक वेळा नुकसान झाल्यानंतर आले. विवेचनासाठी युनिट ट्रस्ट, शेअर दलालीची व्यवस्था आणि निवृत्तिवेतन ही तीन क्षेत्रे निवडली आहेत.

१. युनिट ट्रस्टचा कालखंड

युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची स्थापना १९६३ च्या कायद्यान्वये झाली आणि १ फेब्रुवारी १९६४ पासून ही संस्था अस्तित्वात आली. तत्कालीन अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. आर. एस. भट हे संस्थेचे पहिले अध्यक्ष होत. रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक आणि अन्य वित्तसंस्थांनी मिळून पाच कोटी रुपयांचे प्रारंभिक भांडवल उभारले. जुलै १९६४ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या युनिटांची विक्री सुरू झाली. हीच पुढे ‘यूएस-६४’ या नावाने घरोघरी पोहोचलेली योजना होय.

येथे एक बाब बारकाईने लक्षात घ्यावयास हवी. ट्रस्टच्या मूळ कायद्याचा उद्देश बचतीस व गुंतवणुकीस उत्तेजन देणे आणि रोख्यांपासून होणाऱ्या उत्पन्नात व नफ्यात लोकांना सहभागी करून घेणे हा होता. सहभाग म्हटला की तोट्यातील सहभागही ओघाने आला. परंतु युनिटांची विक्री व पुनर्खरेदी किंमत ट्रस्ट स्वतः जाहीर करीत असे. ती मालमत्तेच्या बाजारमूल्याशी थेट जोडलेली नव्हती. जुलैमध्ये किंमत कमी असे आणि पुढे महिन्यागणिक थोडी थोडी वाढत जाई. लाभांश दरवर्षी मिळे. किंमत कधी खाली येत नाही असा अनुभव वर्षानुवर्षे आल्यामुळे युनिट म्हणजे सरकारी ठेवच, अशी समजूत दृढ झाली. कायद्यात नसलेली हमी अशा रीतीने व्यवहारातून निर्माण झाली.

१९७८ मध्ये ट्रस्टवरील रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण भारतीय औद्योगिक विकास बँकेकडे गेले. १९८६ मध्ये ‘मास्टरशेअर’ ही समभागांवर आधारित योजना आली. १९८८ च्या अखेरीस ट्रस्टच्या ताब्यातील मालमत्ता सुमारे ६,७०० कोटी रुपयांची होती. दरम्यान १९८७ मध्ये स्टेट बँकेने आपला म्युच्युअल फंड सुरू केला आणि ट्रस्टची मक्तेदारी संपली.

२. खासगी फंडांचा प्रवेश

१९९२ मध्ये सेबीला वैधानिक अधिकार मिळाले. १९९३ मध्ये म्युच्युअल फंडांची पहिली नियमावली आली आणि कोठारी पायोनियर या पहिल्या खासगी फंडाची नोंदणी झाली. १९९६ मध्ये अधिक व्यापक नियमावलीने पहिलीची जागा घेतली. नियम बदलले तरी गुंतवणूकदाराची समज तितक्या वेगाने बदलली नव्हती. जानेवारी १९९४ मधील ‘मॉर्गन स्टॅनले ग्रोथ फंड’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. या पंधरा वर्षे मुदतीच्या योजनेच्या अर्जांसाठी रांगा लागल्या. नव्या कंपनीच्या शेअरप्रमाणे हे युनिटही नोंदणीनंतर चढ्या भावाने विकता येईल, अशी अनेकांची कल्पना होती. ज्या युनिटामागे तितक्याच रकमेची मालमत्ता आहे, ते दुसऱ्या दिवशी अधिक मोलाचे का व्हावे, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. प्रत्यक्षात पुढे ते मालमत्ता मूल्यापेक्षा कमी भावानेच बाजारात विकले जाऊ लागले.

याच योजनेच्या संदर्भात एक तक्रार कलकत्त्याच्या जिल्हा ग्राहक मंचापुढे गेली होती. मे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, शेअरसाठी अर्ज करू इच्छिणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने ‘ग्राहक’ ठरत नाही. निर्णयाची कायदेशीर बाजू काहीही असो, ऐतिहासिकदृष्ट्या त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. निवड करण्याच्या क्षणी, म्हणजे जेव्हा संरक्षणाची गरज सर्वाधिक असते तेव्हा, गुंतवणूकदाराला ग्राहक न्यायालयाचे दार बंद होते. त्याचा भार सर्वस्वी सेबीवर पडला.

३. दलाल, सर्टिफिकेट आणि डिमॅट खाते

मुंबईत शेअर दलालांची संघटना १८७५ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ सामान्य गुंतवणूकदार व बाजार यांच्यामध्ये दलाल व उपदलाल यांची साखळी होती. १९८२ मध्ये पुण्यात स्वतंत्र शेअर बाजार स्थापन झाला, तरी मोठ्या उलाढालीचे केंद्र दलाल स्ट्रीटच राहिले. तेथील भाव त्या क्षणी काय होता, हे बाहेरगावच्या माणसास कळण्याचा मार्ग नव्हता. दलालाने पाठविलेल्या कागदावर खरेदीचा भाव आणि दलाली एकत्रच दाखविलेली असे. त्यामुळे आपण दलालीपोटी नेमके किती दिले, हेही त्यास ठाऊक नसे. सेबीने या दोन रकमा स्वतंत्रपणे दाखविणे बंधनकारक केले. सुधारणा साधी वाटते. परंतु भाव आणि मोबदला यांतील फरक ग्राहकास दिसू लागणे हा तिचा आशय होता.

शेअर हाती आल्यानंतरही अडचणी संपत नसत. सही जुळत नाही म्हणून हस्तांतर नाकारले जाई. सर्टिफिकेट टपालात गहाळ होई. क्वचित बनावट सर्टिफिकेटेही निघत. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर समभागांचे व्यवहार सुरू केले आणि वर्षभरातच उलाढालीत मुंबई शेअर बाजाराला मागे टाकले. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला आणि त्याच वर्षी एनएसडीएलचे कामकाज सुरू झाले. १९९९ मध्ये सीडीएसएल ही दुसरी संस्था आली. जुलै २००१ मध्ये ‘बदला’ पद्धत बंद झाली. एप्रिल २००३ पासून व्यवहार दोन दिवसांत आणि जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांचे व्यवहार एका दिवसात पुरे होऊ लागले.

तथापि कागद नाहीसा झाला म्हणजे विश्वासाचा प्रश्न नाहीसा झाला असे नव्हे. ग्राहक आपल्या खात्याचे मुखत्यारपत्र दलालास देत. त्याचा गैरवापर होऊ शकतो, हे नोव्हेंबर २०१९ मधील कार्वी स्टॉक ब्रोकिंगविरुद्धच्या सेबीच्या आदेशाने उघड झाले. ग्राहकांचे रोखे परस्पर गहाण ठेवण्यात आले होते. त्यानंतरच, २०२० मध्ये, रोखे ग्राहकाच्या खात्यातच राहतील अशी तारणपद्धती लागू झाली.

४. यूएस-६४ : हमीचा अंत

१९९० च्या दशकात यूएस-६४ च्या निधीतील समभागांचे प्रमाण बरेच वाढले. लाभांश व पुनर्खरेदी किंमत मात्र जुन्या परिपाठानेच जाहीर होत राहिली. १९९८ मध्ये योजनेची गंगाजळी उणे १,०९८ कोटी रुपये असल्याचे जाहीर झाले. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अन्य शिफारशींबरोबर, तीन वर्षांत योजनेच्या किमती निव्वळ मालमत्ता मूल्याशी जोडाव्यात असे सुचविले. सरकारने सार्वजनिक उपक्रमांचे शेअर पुस्तकी किमतीला विकत घेऊन योजनेस आधार दिला.

ही तीन वर्षे पुरी होण्याआधीच पुढचे संकट आले. २००१ च्या प्रारंभी बाजार कोसळला. एप्रिल व मे महिन्यांत प्रामुख्याने कंपन्यांनी हजारो कोटी रुपयांची युनिटे जाहीर किमतीने परत केली. ही किंमत मालमत्तेच्या खऱ्या मूल्यापेक्षा अधिक होती. म्हणजे आधी बाहेर पडणाऱ्यांना मिळालेली जादा रक्कम मागे राहिलेल्यांच्या वाट्यातून गेली. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने युनिटांची विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी स्थगित केली. योजनेत तेव्हा सुमारे दोन कोटी गुंतवणूकदार होते. त्यांच्यामध्ये निवृत्तीची पुंजी ठेवलेले लोक मोठ्या संख्येने होते. ऑगस्टपासून तीन हजार युनिटांपर्यंत दहा रुपये दराने पुनर्खरेदीची सोय देण्यात आली. हा दर दरमहा दहा पैशांनी वाढून मे २००३ मध्ये बारा रुपये होणार होता. १ जानेवारी २००२ पासून योजना मालमत्ता मूल्यावर आधारित झाली. २००२ मध्ये मूळ कायदा रद्द करण्यात आला आणि फेब्रुवारी २००३ मध्ये ट्रस्टचे दोन भाग झाले. ३१ मे २००३ रोजी यूएस-६४ संपुष्टात आली, युनिटधारकांना ६.७५ टक्के व्याजाचे करमुक्त रोखे घेण्याचा पर्याय देण्यात आला.

या प्रकरणाचा अर्थ केवळ गैरव्यवस्थापन असा लावणे अपुरे ठरेल. किंमत कशी ठरते हे ज्यांस ठाऊक होते ते वेळीच बाहेर पडले आणि ज्यांनी संस्थेवर विश्वास ठेवला ते अडकले. माहितीतील विषमतेचे रूपांतर येथे थेट संपत्तीच्या हस्तांतरणात झाले. यानंतर दैनंदिन मालमत्ता मूल्य हा सर्वमान्य दंडक बनला. मात्र तोही पुरेसा नाही, हे एप्रिल २०२० मध्ये दिसून आले. फ्रँकलिन टेंपलटनने आपल्या सहा कर्जरोखे योजना गुंडाळण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांचे मूल्य रोज प्रसिद्ध होत होते. तरीही पैसे काढण्याचा मार्ग बंद झाला. मूल्य कळणे आणि ते हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५. खर्चाचा प्रश्न

योजनेत प्रवेश करतानाच्या आकारातून विक्रेत्याचे कमिशन भागविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. समभाग योजनांत हा आकार बहुधा २.२५ टक्के असे. म्हणजे दहा हजार रुपयांतील २२५ रुपये गुंतविलेच जात नसत. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने तो बंद केला. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेस विक्रेत्याविना थेट गुंतवणुकीचा पर्याय देणे बंधनकारक झाले. वार्षिक खर्चातील एका टक्क्याचा फरक क्षुल्लक भासतो. परंतु एक लाख रुपये तीस वर्षे दहा टक्के दराने वाढल्यास सुमारे १७.४५ लाख होतात आणि नऊ टक्के दराने सुमारे १३.२७ लाख. निवृत्तीसाठीच्या दीर्घ मुदतीच्या बचतीत हा फरक निर्णायक ठरतो.

६. निवृत्तीची पुंजी

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना १९६८ ची. या दुसऱ्या योजनेचा व्याजदर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होता. मार्च २००३ पर्यंत तो ८ टक्क्यांवर आला. यूएस-६४ कोसळत असतानाच हमीच्या बचतीचे उत्पन्नही एक तृतीयांशाने घटले, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. याच सुमारास, सन २००० मध्ये, एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखालील ‘ओॲसिस’ समितीने वैयक्तिक निवृत्ती खात्याची कल्पना मांडली. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या कर्मचाऱ्यांना (सशस्त्र दले वगळता) नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. १ मे २००९ पासून ती सर्व नागरिकांना खुली झाली. या क्षेत्राच्या नियामक प्राधिकरणास वैधानिक आधार देणारा कायदा मात्र २०१३ मध्ये झाला.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख निर्णायक ठरली. त्यापूर्वी नियुक्त झालेल्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार अखेरच्या वेतनाशी निगडित निवृत्तिवेतन. त्या दिवशी वा नंतर नियुक्त झालेल्यांना परिभाषित अंशदान योजना. अनुदानित शैक्षणिक संस्थांतील कर्मचारीही या निर्णयाच्या कक्षेत आले. परिणामी एकाच विभागात, एकच विषय शिकविणाऱ्या दोन प्राध्यापकांचे वार्धक्य भिन्न पायांवर उभे राहिले. एकाच्या बाबतीत आयुर्मान, महागाई आणि बाजार यांची जोखीम शासनाकडे राहिली. दुसऱ्याच्या बाबतीत ती मुख्यतः त्याच्याकडे आली. नियुक्तीच्या वेळी या फरकाचे आर्थिक मोल समजावून सांगण्याची व्यवस्था नव्हती. मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांचा संप हा याच विषमतेचा उद्रेक होता. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने लागू केलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. सोडलेल्या हमीकडे शासनाला अंशतः परतावे लागले, असाच याचा अर्थ होतो.

निष्कर्ष

१) युनिट ट्रस्टच्या काळातील हमी ही कायद्याने दिलेली नसून व्यवहारातून निर्माण झालेली समजूत होती. ती मोडली तेव्हा नुकसान प्रामुख्याने कमी माहिती असलेल्यांचे झाले.

२) डिमॅट, दैनंदिन मालमत्ता मूल्य, प्रवेश आकाराचे उच्चाटन, तारणपद्धतीतील बदल या सुधारणा निःसंशय हितकारक आहेत; परंतु त्यांपैकी बहुतेक हानी झाल्यानंतर आल्या.

३) या इतिहासातून गुंतवणूकदारास चार प्रश्न मिळतात. किंमत कोण व कशी ठरवितो? खर्च किती व कोणास जातो? मालमत्ता कोणाच्या ताब्यात आहे? आणि गरज पडल्यास बाहेर पडण्याची वाट खुली राहील काय? योजनेच्या मागील उताऱ्यापेक्षा हे प्रश्न अधिक मूलभूत आहेत.

४) निवृत्तिवेतनाची जोखीम व्यक्तीकडे सोपविली असेल, तर ती समजावून देणे ही नियोक्त्याची जबाबदारी ठरते. नवनियुक्त प्राध्यापकासाठी महाविद्यालयाने सेवेच्या पहिल्या वर्षीच असे मार्गदर्शन योजावे. पुढील संकटाची वाट पाहून मग शिकण्याची रीत आता पुरे झाली.