भीमाकाठच्या विद्यार्थ्यासाठी यॉट डिझाइनची वाट

गाणगापूरला जाणाऱ्या गोमंतकीय भाविकांना भीमा-अमरजा संगम परिचित आहे. तो ज्या कलबुर्गी जिल्ह्यात येतो, तेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही गुलबर्गा आणि बीदर या बहामनी राजधान्यांना समुद्राचे महत्त्व पुरते ठाऊक होते. महमूद गवान यांनी १४७२ मध्ये गोवा जिंकले ते येथील बंदरासाठीच. आज या सीमाभागातील एखाद्या नौकाप्रेमी मराठी मुलाला वा मुलीला शिडाच्या नौका आरेखित करण्याचे शिक्षण घ्यावेसे वाटले, तर आरंभ कोठून करावा?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा, कारण त्यापायी पालकांचा पैसा आणि मुलांची वर्षे वाया जातात. ‘मर्चंट नेव्ही’, ‘मरीन इंजिनिअरिंग’ आणि ‘नेव्हल आर्किटेक्चर’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. मरीन इंजिनिअरिंगचा पदवीधर मुख्यतः जहाजावरील यंत्रे चालवतो व सांभाळतो. जहाजाचा आकार, तोल आणि बळकटी ठरवतो तो नेव्हल आर्किटेक्ट. यॉटचे आरेखन या दुसऱ्या शास्त्राची शाखा आहे. प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला पैसे देण्यापूर्वी पदवीचे पूर्ण नाव वाचून घ्यावे.

भारतात या शास्त्राचे पदवी शिक्षण खरगपूर आणि मद्रास येथील आयआयटी, कोचीचे कुसाट विद्यापीठ आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचे विशाखापट्टणम केंद्र येथे मिळते. आयआयटीसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, तर मेरिटाइम युनिव्हर्सिटीसाठी तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. मात्र या अभ्यासक्रमांचा भर मालवाहू व युद्धनौकांवर असतो. यॉटचा विषय विद्यार्थ्याने स्वतः वाचून भरून काढावा लागतो. दहावीनंतर लवकर कामाला लागू इच्छिणाऱ्यांसाठी वास्कोच्या इन्स्टिट्यूट ऑफ शिपबिल्डिंग टेक्नॉलॉजीची नौकाबांधणी पदविका आहे. परराज्यातील विद्यार्थ्यांना किती जागा खुल्या आहेत, हे मात्र प्रवेशपुस्तिकेत पाहावे.

घर सोडणे शक्य नसेल तर? कलबुर्गीत १९५८ पासून पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे यांत्रिकी शाखेची पदवी घेऊन गेट परीक्षेद्वारे आयआयटीत नौकाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळता येते. २०२२ पासून गेटमध्ये नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनिअरिंगची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. माझ्या मते सीमाभागातील सर्वसाधारण कुटुंबाला ही वाट अधिक परवडते. मन बदलले तरी यांत्रिकीची पदवी हाती राहते. अमेरिकेतील वेस्टलॉन या १९३० साली स्थापन झालेल्या संस्थेने दूरशिक्षणाने यॉट डिझाइन शिकवण्याची परंपरा निर्माण केली. पण तिची पदविका ही अभियांत्रिकीची पदवी नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

अभ्यासाचे स्वरूप एका उदाहरणाने कळेल. पाणी बाजूला सारत चालणारी नौका साधारण किती वेगाने जाईल, हे तिच्या जलरेषेच्या लांबीवर अवलंबून असते. फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की नॉट्समधील वेगमर्यादा मिळते. पंचवीस फुटांना ६.७ नॉट्स, छत्तीस फुटांना सुमारे ८. लांबी जवळपास दीडपट झाली, वेग मात्र पाचव्या हिश्शानेच वाढला. याचे कारण नौकेनेच उठवलेल्या लाटेत आहे, आणि ते समजण्यास गणित व भौतिकशास्त्र लागते. किनारा लागत नाही. कृष्णा-तुंगभद्रेवरील बांबूचा गोल हरिगोल पाहावा. रुंदीमुळे तो सहज कलंडत नाही. पण एका बाजूने वल्हे मारले की स्वतःभोवतीच फिरतो. स्थैर्य आणि दिशा यांतील ही ओढाताण प्रत्येक आरेखकाला सोडवावी लागते. लार्सन व एलियासन यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ यॉट डिझाइन’ हे पुस्तक आणि डेल्फ्टशिपची मोफत आवृत्ती एवढ्यावर असे प्रयोग घरच्या संगणकावरही करता येतात.

बांधणी मात्र संगणकावर कळत नाही. त्यासाठी गोव्याकडे यावे. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ घडली. आरेखन नेदरलँड्सच्या व्हॅन डी स्टाट यांचे, हात गोमंतकीय कारागिरांचे. महासागरी शिडाची नौका दांडेकरांनी त्यापूर्वी बांधलेली नव्हती. २००९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या याच छप्पन फुटी नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे २०१७ मध्ये तिच्याच धर्तीवर ‘तारिणी’ आली. परदेशी आरेखन विकत घेण्याची ही गरज पाहिली, की आपल्याकडे आरेखकांची उणीव किती आहे हे कळते.

‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाची कथा आणखी निराळी. त्याचा मूळ आराखडाच नव्हता. अजिंठ्याच्या लेण्यातील एका चित्रावरून आकार ठरवावा लागला. समुद्रापासून दूर असलेल्या डोंगरात कोणा चित्रकाराने जहाज रेखाटून ठेवले होते. गोव्यातील होडी इनोव्हेशन्सने केरळच्या कारागिरांकरवी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून घेतल्या, आयआयटी मद्रासने प्रतिकृतीच्या चाचण्या केल्या आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले.

सुट्टीत अशा एखाद्या गोदीत काम मिळते का, हे पत्र पाठवून विचारावे. बहुधा पहिले काही आठवडे फायबरचा पृष्ठभाग घासण्यातच जातील. नाकातोंडाला मुखपट्टी बांधावी, आणि पठाणापासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून, काठापर्यंत प्रत्येक माप वहीत उतरवून घ्यावे.