सात फुटांची बोट: निवृत्तीचं स्वप्न आणि अडीचशे वर्षांचा हिशेब

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. चहा घेऊन बसा.

बर्मिंगहॅम आणि आसपासच्या भागात तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेली आपली बरीच मराठी माणसं आता निवृत्त होतायत. मुलं मार्गी लागली, घराचे हप्ते फिटले. मग नवरा-बायको संध्याकाळी कालव्याच्या काठाने फिरताना एखाद्या रंगीत नॅरोबोटीकडे बघतात आणि म्हणतात, "वर्षभर असंच फिरलो तर?" गेल्या काही महिन्यांत तीन जोडप्यांनी मला विचारलं, बोट घ्यायची तर कुठली? मी बोटींचा दलाल नाही. मला इतिहासाचा नाद आहे, त्यामुळे उत्तरही तिथूनच देतो. कारण इथे बोट निवडायला गेलं की लक्षात येतं, निम्मे निर्णय आपल्या आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेत.

पहिला निर्णय रुंदीचा. बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक सात फुटांच्या आतली नॅरोबोट, दुसरी दहा-बारा फुटांची वाइडबीम. वाइडबीममध्ये शिरलं की फ्लॅटमध्ये आल्यासारखं वाटतं. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं, चार पाहुणे बसू शकतात. पण ती घेऊन लंडनहून निघालात तर कालव्यांवरून लीड्स गाठता येत नाही. मध्ये आपले मिडलँड्सचे कालवे लागतात आणि त्यांतले बहुतेक अरुंद आहेत. कालवा टेकडी चढतो तो लॉकमधून. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला पाण्याचा हौद. त्यात पाणी भरलं की बोट वर येते, सोडलं की खाली जाते. आपल्याकडचे बरेचसे हौद जेमतेम सात फूट रुंद. वाइडबीम त्यात शिरतच नाही.

हे कुणी ठरवलं? जेम्स ब्रिंडली नावाच्या गिरणी-कारागिराने. मँचेस्टरला कोळसा आणणारा ब्रिजवॉटर कालवा त्यानेच उभा केला होता. १७६६ मध्ये ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याचं काम सुरू झालं. पहिली कुदळ मारली जोसाया वेजवूडने, तोच चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार. त्याची नाजूक भांडी खडबडीत रस्त्यावर फुटायची, म्हणून त्याला पाण्याची वाट हवी होती. पण वाटेत हेअरकॅसलची टेकडी. तिच्यातून २८८० यार्डांचा, म्हणजे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणायचा होता, तोही हाताने. बोगदा जितका रुंद तितका खर्च. आणि लॉक जितका रुंद तितकं प्रत्येक बोटीमागे उंचावरचं पाणी वाया. म्हणून मधल्या भागात बोट ठरली सुमारे सात फूट रुंद आणि सत्तर-बहात्तर फूट लांब. कालवा पुरा झाला १७७७ मध्ये. ब्रिंडली १७७२ मध्येच गेला होता. पुढच्या कालव्यांनी तेच माप उचललं, आणि आज २६० वर्षांनी आपला पलंग किती रुंद असावा हे तो माणूस ठरवतोय!

लांबीचंही तसंच. यॉर्कशायरकडचे काही लॉक रुंद आहेत, पण आखूड. म्हणून जिला जवळपास सगळीकडे जायचंय ती बोट ५७ फुटांची घेतात. सत्तर फुटी घेतली तर एक खोली वाढते आणि उत्तरेतले काही कालवे हातचे जातात.

दुसरा निर्णय मागच्या टोकाचा. जुन्या घाटणीच्या 'ट्रॅड' बोटीत सुकाणूशी एकच माणूस आरामात उभा राहतो. 'क्रूझर' प्रकारात मागे मोकळा ओटा असतो, दोघं शेजारी उभं राहून गप्पा मारत जातात. 'सेमी-ट्रॅड' मधला. दिसायला ट्रॅड देखणी, यात वाद नाही. पण तिची ती घडण कुठून आली ते ऐका. मागे जागा सोडली नाही, कारण जागा मालासाठी हवी होती. १८३० नंतर रेल्वे आली, मालाचे दर पडले. बोटवाल्यांना गड्यांचा पगार आणि घराचं भाडं दोन्ही परवडेना. मग बायको-मुलं बोटीवर आली आणि काठावरचं घर सुटलं. दहा फुटांच्या आतल्या केबिनमध्ये अख्खं कुटुंब. पुढे डिझेलसारखी तेल-इंजिनं आली तेव्हा एक मोटरबोट दुसऱ्या बिनइंजिनाच्या बोटीला ओढायची. पुढचीवर नवरा, मागचीवर बायको. दिवसभर एकमेकांशी बोलणंही नाही. मुलांची शाळा तर विचारूच नका. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने त्यासाठी आवाज उठवला, त्यातून १८७७ आणि १८८४ चे कायदे झाले आणि एका केबिनमध्ये किती माणसं झोपू शकतात यावर बंधन आलं. आपण हौसेने घेतो ती बोट, त्या जोडप्यांकडे दुसरा पर्यायच नव्हता.

हौस म्हणून बोटीवर राहायला निघालेल्यांत सर्वांत गाजलं ते टॉम आणि अँजेला रोल्ट हे जोडपं. जुलै १९३९ मध्ये, लग्न होताच, ते 'क्रेसी' नावाची जुनी लाकडी बोट घेऊन बॅनबरीहून निघाले. त्यावर टॉमने लिहिलेलं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये आलं. १९४६ मध्ये त्याने आणि रॉबर्ट एकमन यांनी इतर काहींसह इनलँड वॉटरवेज असोसिएशन काढली. तोवर कालवे बुजवायची, विकायची भाषा सुरू होती. ही मंडळी अडून बसली. (एक सूचना: १९५१ मध्ये क्रेसी सुटली, टॉम आणि अँजेलाही वेगळे झाले, तिने सर्कशीची वाट धरली. बारा वर्षं अरुंद बोटीत राहणं सोपं नाही, हे ध्यानात ठेवा.)

पुढे १९६४ मध्ये स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग पुन्हा उघडला, स्वयंसेवकांनी आणि कैद्यांनी चिखल उपसून. १९६८ मध्ये बार्बरा कॅसल मंत्री असताना आलेल्या कायद्याने सुमारे ११०० मैल जलमार्ग सहलीच्या बोटींसाठी राखायचे ठरले. उरलेल्यांतले बरेच 'शिल्लक' यादीत गेले, त्यात आपल्या बर्मिंगहॅमचेही काही होते.

तिसरा निर्णय बोटीचा नाही, पत्त्याचा. १९९५ च्या कायद्याप्रमाणे कायमचा धक्का न घेता फिरत राहता येतं. अट अशी की खरोखर प्रवास हवा आणि एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नको. परिस्थितीनुसार वाजवी असेल तर जास्त थांबता येतं, म्हणजे आजारपणात अगदीच कोंडी होत नाही. पण गुडघ्याचं ऑपरेशन, नातवंडांच्या सुट्ट्या, दर महिन्याची औषधं हे सगळं धरून आधीच आखणी करा.

आता मुद्द्याचं. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे २००० मैल जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं की २०२७ नंतर तिचं अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होईल. २०२४ पासून धक्का नसलेल्या बोटींना परवान्यावर अधिभार लागला, वाइडबीमलाही जास्त पैसे. फिरते बोटवाले म्हणतात, गरिबालाच पिळताय. ट्रस्ट म्हणते, खर्च भागत नाही. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. कारण बोटवाले मूठभर आहेत आणि त्याच काठाने चालणारे, सायकल मारणारे लाखो. ते काही देत नाहीत. त्यांच्या वतीने देणारं सरकारच हात आखडता घेतंय. २०२५ च्या उन्हाळ्यात पाणी आटून कितीतरी कालवे बंद पडले. जुनी धरणं आणि लॉक दुरुस्तीला आलेत. दरवाजा मोडून वर्षभर बंद राहिला तर तुमची बोट कुठलीही असो, ती बांधूनच राहणार.

तर माझं उत्तर. दोघांना लांब फिरायचं असेल तर ५७ फूट, नॅरोबोट, मागे दोघं उभे राहतील असा ओटा, डिझेल इंजिन. वेग तसाही ताशी चार मैलांच्या वर नेता येत नाही, त्यामुळे ताकदीपेक्षा इंजिन दुरुस्तीला सोपं बघा. पोलाद किती झिजलंय ते तपासनिसाकडून पाण्याबाहेर मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सुकाणू आणि लॉकचे दरवाजे ही दोन्ही कामं दोघांनाही यायला हवीत. एक आजारी पडला तर दुसरा अडकायला नको. आणि घेण्याआधी ऑक्टोबरच्या पावसात दोन आठवडे भाड्याने घेऊन बघा, जूनमध्ये सगळ्याच बोटी छान वाटतात.

दुसरं काम मात्र बोट न घेणाऱ्यांचंही आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि विचारा, २०२७ नंतर या पाण्याचं काय? उत्तर आलं तर इथे खाली टाका, सगळ्यांना वाचू दे.